एकाच माणसाचे तिकीट

नाटकाला एकट्याने जाणे ही तशी अलीकडची सवय आहे. खेळ पाहणारा माणूस आणि त्याच्या शेजारचा माणूस यांची फारकत व्हायला आधी भिंती लागल्या, मग छप्पर, मग आकडा घातलेली खुर्ची आणि सर्वांत शेवटी अंधार. या चारही गोष्टी खानदेशात उशिराच आल्या, आणि खेड्यांपर्यंत त्या अजूनही पोचलेल्या नाहीत. धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की मुंबई–आग्रा महामार्गावर वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागते. किल्ला आणि तांब्यापितळेची भांडी ही या गावाची जुनी ओळख. बंदिस्त नाट्यगृह मात्र गावात नाही. तेव्हा सोनगीरच्या माणसाने संध्याकाळी एकट्याने नाटकाला जायचे म्हणजे आधी गाव सोडायचे, आणि त्याही आधी गावाला उत्तर द्यायचे.

गावात जे खेळ होतात ते एकट्याने पाहण्यासाठी रचलेलेच नाहीत. खानदेशातल्या काही यात्रांमध्ये दुपारी तगतराव निघतो. रथासारख्या या गाड्यावर तमाशाच्या फडातले कलावंत बसवून त्यांची वाजतगाजत मिरवणूक काढतात. रात्री कोणते तोंड रंगलेले दिसणार, हे अख्ख्या गावाने दिवसाउजेडी पाहून घेतलेले असते. मग रात्री गण, गवळण, बतावणी आणि वग. पुढे पोरेटोरे, त्यांच्या मागे गडीमाणसे, कडेला बायांचा वेगळा घोळका. बसायला घरून आणलेले गोणपाट, घोंगडी किंवा सतरंजी. एका सतरंजीवर एकटाच माणूस पसरून बसलाय, असे दृश्य तिथे दिसत नाही. पाच मिनिटांत तिचे कोपरे वाटले जातात. दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते. सोनगीरहून दोंडाईच्याच्या रस्त्याने पुढे गेले की तापीकाठी हे गाव येते. तिथे येणारी माणसेही जथ्याजथ्यानेच येतात. घोडा पाहणे, भाव करणे, जिलबी खाणे आणि तमाशा पाहणे ही चारही कामे सोबतीने करायची असतात. श्रावणातल्या कानबाईच्या रात्री असोत, जळगावकडचे वहीगायन असो किंवा पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातला मुखवट्यांचा भोवाडा असो, पाहणारा आणि सादर करणारा यांच्यातली रेघ तिथे पुसटच असते. आज जो सोंग पाहतो त्याचाच भाऊ किंवा मेहुणा सोंगात असतो.

अशा गावात खेळाला एकटा गेलेला माणूस कोण असायचा? तो लपून गेलेला असायचा. घरंदाज म्हणवणाऱ्या घरातला, तोंडाला उपरणे गुंडाळून कनातीच्या मागच्या बाजूला उभा राहणारा आणि वग संपण्याआधीच निघून जाणारा. सोबतीने तमाशा पाहणे ही हौस मानली गेली, एकट्याने पाहणे हा नाद. पुढे नाट्यगृह आले, नाटक सुसंस्कृत झाले, घराघरांतून वाखाणले गेले, तरी हा जुना संशय पूर्ण गेला नाही. आजही सांजच्याला ठेवणीतला शर्ट घालून फाट्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला विचारले जाते, ‘कथा चालना भो?’ धुळ्याला, नाटकाला, असे उत्तर मिळाले की दुसरा प्रश्न ठरलेला असतो : ‘संगे कोन शे?’ कोणीच नाही, हे या प्रश्नाचे पटणारे उत्तर नव्हे. दवाखान्यात जातो म्हटले तर कोणी काही विचारत नाही.

बंदिस्त नाटकाचा मराठी इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणले आणि त्यानंतर नाटक मंडळ्या फिरू लागल्या. त्यांच्या फिरण्याला रेल्वेचा मोठा आधार होता. पडदे, पेट्या, दागिन्यांच्या संदुका आणि पन्नासेक माणसांचा खटला बैलगाडीने हलवणे परवडणारे नव्हते. जळगाव मुख्य लोहमार्गावर होते. धुळ्याला चाळीसगावहून फाटा आला तो १९०० मध्ये. जळगावचे नाव तर मराठी रंगभूमीच्या सर्वांत लाडक्या नटाशीच जोडले गेले आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, लहानपणी काही काळ जळगावात होते आणि गाण्याचे आरंभीचे धडे त्यांनी तिथे मेहबूबखाँ यांच्याकडे घेतले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे ते उगाच नव्हे.

मात्र नाटक कंपन्यांच्या काळातले थिएटर आजच्यासारखे काळोखे नव्हते. दिव्यांच्या उजेडात जसा नट दिसे तसा प्रेक्षकही दिसे. कोणी कोणत्या दराचे तिकीट घेतले, कोणाची शाल नवी आहे, पदाला ‘वन्स मोअर’ कोणी दिला, हे सगळे लख्ख कळत असे. नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले, तेव्हा डुलक्या घेणारेही ओळखू येत. युरोपातही प्रेक्षागृह काळोखे करण्याची रीत जुनी नाही. संगीतकार वाग्नरने १८७६ मध्ये बायरॉइटच्या आपल्या नाट्यगृहात प्रेक्षकांकडचे दिवे मंद केले, तेव्हा लोकांना ते चमत्कारिकच वाटले होते, कारण थिएटरात जाणे म्हणजे एकमेकांना दिसणे हाच तोवरचा अर्धा हेतू होता. विजेच्या दिव्यांनी हे सर्वत्र सोपे केले. बटण दाबले की मंच उजळावा आणि माणसे नाहीशी व्हावीत, ही सोय झाली. एकट्या प्रेक्षकाचा जन्म खरे तर या बटणापाशी झाला. अंधारात सोबत असणारा आणि नसणारा सारखेच दिसतात.

पण हे पुरुषांपुरते. बायकांची बसण्याची जागा वेगळी असे, कधी सज्जात, आणि तिथेही त्या घरच्या माणसाबरोबर किंवा शेजारणींच्या घोळक्याने येत. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ आणले. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, आणि मराठी रंगमंचावर बाई बाईच्या रूपात उभी राहण्याचा तो महत्त्वाचा टप्पा मानला जातो. मंचावर ती एकटी उभी राहून बोलू लागली तरी खाली तिच्या बहिणी एकट्याने तिकीट काढत नव्हत्या. पुण्या-मुंबईत नोकरदार बायकांनी हा रिवाज पुढे हळूहळू मोडला. धुळे-जळगावात तो मोडला असे म्हणता येते, पण दुपारच्या प्रयोगापुरता. रात्रीच्या प्रयोगाला एकटी आलेली बाई दिसली की ती निवेदिका असेल, पत्रकार असेल, नाहीतर कलाकारांपैकी कोणाची नातलग असेल, असे तर्क आजही चालतात. ती केवळ नाटक पाहायला आली असेल, हा तर्क सर्वांत शेवटी येतो.

सोनगीरहून निघण्याची तऱ्हा साधी आहे. गाव महामार्गावर असल्याचा फायदा जाताना मिळतो : शिरपूरकडून, चोपड्याकडून, इंदूरकडून येणाऱ्या गाड्या धुळ्याकडेच जात असतात. देवभाने मागे पडते, नगावबारी येते, मग देवपूर, मग पांझरेवरचा पूल, आणि गाडी शहरात शिरते. धुळ्यात राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर आहे. मुंबई-पुण्याकडची नाटके दौऱ्यावर आली तर ती इथे लागतात. ती वारंवार येत नाहीत. नाटकाची बस, नेपथ्याचे सामान, दहा-पंधरा माणसांचा मुक्काम आणि जेवणखाण हा खर्च नाशिकपर्यंत कसाबसा निघतो. नाशिकपुढे दीडशे किलोमीटर यायचे तर प्रयोग कोणीतरी आधीच विकत घेतलेला असावा लागतो. त्यामुळे धुळ्यात नाटक पुष्कळदा एखाद्या संस्थेच्या किंवा बँकेच्या कार्यक्रमाच्या रूपाने येते. त्याच्या प्रवेशिका छापलेल्या असतात, आणि त्यांवर ‘दोन व्यक्तींसाठी’ असे लिहिलेले असते. एकट्याने येणाऱ्याचा विचार छापखान्यातही झालेला नसतो. त्याच्या हाती दोन माणसांचा कागद असतो आणि दाराशी उभा असलेला कार्यकर्ता मागे कोण आहे ते मान वाकवून पाहतो.

जिथे तिकीट विकले जाते तिथे मात्र एकट्या माणसासारखा सुखी कोणी नाही. तक्त्यावर माणसे दोनदोन, चारचार खुर्च्या घेत जातात आणि मध्ये एकेक खुर्ची उरत जाते. तिसऱ्या-चौथ्या रांगेत, ऐन मधोमध, ती एक खुर्ची शेवटच्या घटकेपर्यंत रिकामी असते. कुटुंबाला ती निरुपयोगी असते. एकटा माणूस नाटकाच्या अर्धा तास आधी खिडकीशी येतो आणि महिनाभर आधी आरक्षण केलेल्यांच्या मधोमध जाऊन बसतो. नाटक जवळून पाहायचे असेल तर सोबत सोडावी लागते, हा तिकीटविक्रीचा साधा हिशेब आहे. नाट्यशास्त्राने मध्यम आकाराचे, म्हणजे चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद नाट्यगृह चांगले ठरवले आणि कारणही दिले : त्याहून मोठ्या घरात आवाज विरतो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. पडदा लावलेल्या, पंख्यांच्या घरघरीत चालणाऱ्या मोठ्या सभागृहांत हे कारण आजही पटते. तिसऱ्या रांगेतल्या त्या उरलेल्या खुर्चीची किंमत त्यावरून कळावी.

प्रयोगाआधीची पंधरा मिनिटे एकट्याला जड जातात. पहिली घंटा झालेली असते, दुसरी व्हायची असते. ओळखीची माणसे उभी राहून हात करत असतात, जागा धरण्यासाठी रुमाल टाकले जात असतात. हा वेळ भरून काढण्यासाठी पूर्वी माणसे नाटकाची जाहिरातपत्रिका चारचारदा वाचत; आता मोबाइल असतो. मोबाइलने एकटेपणा लपवणे सोपे केले, तसाच तो बिघडवलाही. एकट्याने आलेला माणूस त्या पंधरा मिनिटांत गावाहून नाटकापर्यंत मनाने येत असे. आता तो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच असतो आणि तिसरी घंटा त्याला दचकवते.

नाटक सुरू झाल्यावर काय होते, हा खरा विषय. एकट्याने पाहणारा माणूस जास्त पाहतो, असे म्हणायला आधार आहे. ‘कळलं का, हा तिचा दीर’ असे शेजारच्याला सांगायचे नसते, पोराला लघवीला न्यायचे नसते, बायकोला आवडते आहे ना याची चिंता नसते. सोबत आलेल्याची आवड-निवड हे नाट्यगृहातले मोठे ओझे आहे, आणि आणलेला माणूस कंटाळला तर त्याचा दोष आणणाऱ्यावर येतो. वय आणि स्वभाव यांप्रमाणे प्रेक्षकांची रुची वेगवेगळी असते, तरुणांना शृंगार भावतो आणि वृद्धांना धर्मकथा, हे नाट्यशास्त्रानेच मान्य केले आहे. एकट्याला ही तडजोड करावी लागत नाही.

मात्र हसण्याच्या बाबतीत तो उणा पडतो. विनोदी नाटकात एकटा माणूस अर्धा क्षण उशिरा हसतो. कोणाकडे पाहून हसायचे हे ठरलेले नसते, म्हणून तो आधी सभागृहाचे हसू ऐकतो आणि त्यात आपले मिसळतो. रडण्याचे उलटे आहे. ‘नटसम्राट’ १९७० मध्ये आले तेव्हापासून मराठी माणूस नाट्यगृहात उघडपणे डोळे पुसू लागला असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल; पण घरच्यांच्या शेजारी बसून बापाच्या हालांवर रडणे अवघड असते, मुलगा डाव्या हाताला आणि सून उजव्या हाताला असली तर फारच. अनोळखी माणसांमध्ये ते सोपे जाते. नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त याने हजार वर्षांपूर्वी म्हटले आहे की सगळे प्रेक्षक एकाच वेळी एकाच गोष्टीत तल्लीन होतात तेव्हा रस बळकट होतो. त्यासाठी त्यांची आपसांत ओळख असली पाहिजे, अशी अट त्याने घातलेली नाही. ओळख नसेल तर ते जास्त लवकर होते, असे खानदेशातल्या सभागृहांकडे पाहून वाटते. ओळखीची माणसे नाटक पाहता पाहता एकमेकांनाही पाहत राहतात.

एकपात्री प्रयोगांचा या सगळ्याशी जवळचा संबंध आहे. दौऱ्याचा खर्च सोसत नाही अशा गावांपर्यंत मराठी नाटक पोचवले ते एकट्या नटांनी. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये बावन्न माणसे एकटे उभी करत आणि मोजक्या सामानावर प्रयोग लावत, म्हणून तो खेळ तालुक्याच्या गावांत, शाळांच्या पटांगणातही पोचला. जळगावच्या ‘परिवर्तन’ संस्थेने श्रीकांत देशमुखांच्या लेखनावरून ‘नली’ हे एकलनाट्य केले. खेड्यातल्या मुलीची ती गोष्ट हर्षल पाटील एकटा सांगतो, आणि ती खानदेशी वळणाच्या बोलीत आहे. अशा प्रयोगात एकट्या प्रेक्षकाची आणि एकट्या नटाची बरोबरी होते. समोरचा माणूस आपल्याशीच बोलतो आहे हा भ्रम सोबतीत बसून होत नाही. त्याला एकटेच असावे लागते. बोली आपली असली की तो भ्रम आणखी पक्का होतो. पुण्यात ‘नली’ पाहणारा एक चांगले नाटक पाहतो. सोनगीरहून आलेल्या माणसाला त्यात आपली गल्ली दिसते, आणि शेजारी गल्लीतलेच कोणी बसलेले नसल्यामुळे तो ती नीट पाहू शकतो.

मध्यंतरात चहाच्या टपरीशी एकट्याची पुन्हा परीक्षा होते. नाटक कसे वाटते हे सांगण्याची उबळ येते आणि सांगायला कोणी नसते. यातून कधीकधी अनोळखी माणसांत चार वाक्ये होतात, पण खानदेशात अशी चार वाक्ये चारवर थांबत नाहीत. पाचव्या वाक्याला ‘तुमचं गाव कोणतं’ येते, सहाव्याला आडनाव, सातव्याला सोनगीरच्या कोणत्या गल्लीतले, आणि आठव्यापर्यंत कोणत्या तरी लग्नातली सोयरीक निघते. मध्यंतरानंतर त्याच्या शेजारी पाहुणे बसलेले असतात.

परतीचा प्रश्न सर्वांत कठीण आहे. साडेनऊचा प्रयोग साडेबारापर्यंत चालतो. त्या वेळी धुळ्याच्या स्थानकातून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या सोनगीरला थांबतीलच असे नाही, आणि काळीपिवळी केव्हाच बंद झालेली असते. मोटारसायकल काढायची तर महामार्गावर मालट्रकांची रांग आणि थंडीच्या दिवसांत बोचरा वारा. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा एक आकडी होतो. राज्य परिवहन मंडळाने २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत आणि २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास दिला, आणि त्याने खानदेशातल्या बायका खरोखर जास्त हिंडू लागल्या आहेत. पण भाडे अर्धे झाले म्हणून शेवटची गाडी दोन तास उशिरा सुटत नाही. सोनगीरच्या बाईला रात्रीच्या नाटकापासून अडवते ते भाडेही नव्हे आणि आता फारसे लोकांचे बोलणेही नव्हे. अडवते ते वेळापत्रक. पुरुष निदान महामार्गावरच्या ढाब्यावर शेवभाजी खाऊन, ट्रकवाल्याशी बोलून, दोनच्या सुमारास घरी येऊ शकतो. त्याला हे साहस वाटते. तिला हेच साहस करण्याची मोकळीक नाही, म्हणून एकट्याने नाटक पाहण्याविषयी जे काही चांगले बोलले जाते त्यात निम्म्या गावाला अजून जागा नाही.

यावर एक उपाय हौशी रंगभूमीकडे आहे. राज्य शासनाची हौशी मराठी नाट्यस्पर्धा १९५४ पासून चालू आहे. तिची प्राथमिक फेरी साधारण हिवाळ्याच्या तोंडाला वेगवेगळ्या केंद्रांवर होते आणि जळगाव हे त्यांतले एक केंद्र. तिकीट नाममात्र असते, नाटक संध्याकाळी सात वाजता सुरू होते आणि रोज नवे असते. रोज येणारे प्रेक्षक बहुतेक एकटेच असतात : शिक्षक, कारकून, महाविद्यालयातली नाटकवेडी पोरे, निवृत्त झालेले जुने नट. शेतकरी त्यांत कमी दिसतो, कारण ते दिवस कापूस वेचणीचे असतात. परीक्षक तर नेमूनच वेगवेगळे बसवलेले असतात. एकट्याने नाटक पाहण्याला मान असलेली खानदेशातली ही एकमेव जागा असावी.

मात्र सोनगीरहून जळगाव शंभर किलोमीटरच्या घरात आहे. सातचे नाटक पाहून त्याच रात्री परतणे जमत नाही, मुक्काम करावा लागतो, आणि खानदेशी माणूस जळगावात लॉजवर मुक्काम करत नाही. तो मावशीकडे उतरतो. मावशी आधी जेवायला वाढते. मग कुठे निघालास ते विचारते, नाटकाला असे ऐकले की एकटाच का म्हणून रागावते, आणि सुनेला व नातवाला तयार व्हायला सांगते. तिकिटे तीन निघतात. तिसऱ्या रांगेतली मधली खुर्ची सुटते आणि तिघे बाराव्या रांगेत जाऊन बसतात. पहिल्या प्रवेशातच मावशीची सून विचारते, हा तिचा दीर का?